मामांच्या हातातले सात पट्टे

आधी डॉक्टर ताईंचं सांगतो, मग काय झालं ते. आमच्या गावाकडं घरात कार्य उरकलं की ज्यानं मांडवाला बांबू दिले त्याचं नाव पहिल्यांदा घेतात, जेवण कसं झालं ते नंतर. इथं मला नाव घेता येत नाही. ताईंनीच बजावलंय, "कुठं लिहिलंत तर माझं नाव घालू नका, माझ्या चौकशीचे कागद अजून चालू आहेत." म्हणून एवढंच लिहितो. त्या गडहिंग्लजकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या. कोल्हापुरात माझं मनगट हातात धरून पूर्ण मिनिटभर गप्प बसलेलं पहिलं माणूस म्हणजे त्या. माझी रोजीरोटी आणि मामांचा जीव, दोन्ही त्यांच्यामुळं राहिलं. त्याबदल्यात त्यांना जे मिळालं ते आठवलं की माझं डोकं अजून भणभणतं.

मी हिंगोलीकडचा. आठवीनंतर शाळा सुटली. नववीचा वर्ग सात किलोमीटरवर आणि घरात सायकल एक, ती थोरल्या भावाची. गावातल्या एकाबरोबर कोल्हापूरला फौंड्रीत आलो, लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात. तो चार महिन्यांत परत गेला, मी राहिलो. पहिल्या दिवशी बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "पावणं, सरका की आत," तेव्हा वाटलं, काय मान देतात इथली माणसं! पुढं कळलं की इथं शिवी द्यायच्या आधीसुद्धा पावणंच म्हणतात. सहा वर्षं झाली, मी पावणाच आहे. स्वभाव भित्रा. शिक्का मारलेला कागद दिसला की माझ्या तळहाताला घाम येतो. छापलेलं असतं ते खरं असतं, आणि आपल्याला कळत नाही ती आपली चूक, असं मी धरून चाललेलो.

मामा म्हणजे आमच्या कारखान्यातले जुने सुतार. साचा करायला आधी त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती लागते, तिला पॅटर्न म्हणतात. ते पॅटर्न दुरुस्त करायची मामांची वेगळी खोली होती, भट्टीपासून लांब, गार, भुशाच्या वासाची. मामा शिवाजी पेठेतले. तरुणपणी पेठेच्या संघात गोलकीपर. पायात करकर वाजणारी वहाण, ती आली की सगळ्यांना कळायचं मामा आले. मी एकटा राहतो हे कळल्यावर रविवारी घरी मटण असलं की मला बोलवायचे आणि जेवण झालं की मॅचला न्यायचे. फुटबॉलमधलं मला ओ का ठो कळत नव्हतं. "कळायचं काय त्यात? आपल्या पोरानं लाथ मारली की वरडायचं, त्यांच्यानं मारली की शिव्या द्यायच्या," मामांनी शिकवलं.

ताई आमच्याकडं दर सोमवारी यायच्या. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यानं आमच्या कारखान्यातल्या माणसांच्या तपासणीचं काम घेतलेलं, त्यांच्याकडून. पहिले काही महिने त्या एकेकाचा हात धरून नाडी बघायच्या, छाती ऐकायच्या, आणि प्रत्येकाला रागवायच्या. "दवाखान्यात का नाही आलात?" सगळ्यांचं उत्तर एकच. खाडा होतो.

मग ते पट्टे आले.

मनगटावर बांधायचा काळा पट्टा, आतल्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकणारा. तो दिवा म्हणे कातडीतून रक्ताची चाल वाचतो. वाचलेलं सगळं दवाखान्यातल्या एका यंत्राकडं जातं, आणि ते यंत्र इतक्या माणसांची काळजं वाचून शिकलेलं आहे, की कुणाला काय होणार ते व्हायच्या आधी सांगतं. ताईंनी प्रत्येकाच्या मनगटावर स्वतःच्या हातानं पट्टा बांधला. तोंडावर असा आनंद, की राखी बांधतायत वाटावं. म्हणाल्या, "तुम्ही दवाखान्यात येत नाही ना? मग दवाखानाच तुमच्या मनगटावर आणलाय. जी तपासणी मोठ्या लोकांना मिळते, तीच आता तुम्हाला."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्या पट्ट्यांसाठी ताई स्वतः दवाखान्यातल्या वरिष्ठांशी भांडल्या होत्या. वरिष्ठांना ते आधी मोठ्या ऑफिसांतल्या लोकांना द्यायचे होते.

आता भट्टीचं ऐका. वितळलेल्या लोखंडाजवळ उभं राहिलं की शर्टाचं बटणसुद्धा पोळतं. पट्ट्याला धातूची कडी. तिसऱ्या दिवशी आम्हा सहा जणांच्या मनगटावर कडीचा चटका उठला. आम्ही पट्टे काढून खिळ्याला अडकवले. पट्टा हातात नसला की ऑफिसातल्या पडद्यावर त्या माणसाचा नंबर लाल व्हायचा. सुपरवायझर धावत आला.

"साहेब, पोळतंय," मी मनगट दाखवलं.

"मग मी काय फुंकर घालू व्हय? हे बघा, माझ्या स्क्रीनवर लाल नको. पट्टा हातात घाला, न्हायतर म्हशीच्या शेपटीला बांधा, मला काय करायचं न्हाय. लाल नको म्हंजे नको."

हे शब्द मी विसरलेलो नाही. हे वाक्य ऐकायला आम्ही सहा जण होतो. सहाच्या सहा.

एकानं पट्टा चहाच्या किटलीला गुंडाळून बघितला. यंत्रानं किटली ओळखली, तेवढी हुशारी होती त्याच्यात. लाल ते लालच. मग जेवणाच्या सुट्टीत मामांनी विषय काढला.

"आणा रं हिकडं. मी दिवसभर बसून लाकूड घासतोय. माझ्या हातात ऱ्हाऊ दे."

फौंड्रीत कामाला असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. एकाचा डबा दुसरा आणतो, एकाची हजेरी दुसरा लावतो, मागच्या पाळीचं राहिलेलं पुढची पाळी उरकते. कुणाचं काही अडलं की मोकळा माणूस हात पुढं करतो, ही इथली रीतच. मामांनीही तेच केलं. मी परमुलखातला, मला तर त्या रीतीनंच जगवलंय.

सहा आमचे आणि एक त्यांचा, सात पट्टे. डाव्या हातात चार, उजव्यात तीन, वरून पूर्ण बाह्यांचा शर्ट. सकाळी पाळी लागली की आम्ही पॅटर्नच्या खोलीत शिरायचो.

"मामा, चुडा भरायला आलोय."

"भर की. जरा सैल भर, मागच्या बारीला रुतला."

"कितवा महिना मामा?"

"सातवा लागलाय. डोहाळं लागल्यात, जा भेळ घेऊन ये. कांदा जास्त."

पडदा हिरवागार झाला. सुपरवायझर खूश. सोमवारी ताई यायच्या त्या हातात पाटीएवढा पडदा घेऊन. आम्ही रांगेनं पुढं व्हायचो, त्या पडद्यावर बोट फिरवायच्या आणि म्हणायच्या, "तुमचं उत्तम. पुढं." दोन तासांचं काम वीस मिनिटांत व्हायला लागलं. हात धरणं बंद झालं, मनगटाकडं बघणंही. आमच्यातल्या कुणालाच त्याचं वाईट वाटलं नाही, उलट लवकर सुटतो म्हणून बरंच वाटलं. मामाही रांगेत असायचे, बाह्या खाली ओढून.

चार महिने असे गेले. मग एका सोमवारी मला गेटवरच अडवलं.

फळ्यावर यादी लागलेली. सात नंबर. पुढं लिहिलेलं: हृदयाची लय बिघडलेली, भट्टीच्या कामास अयोग्य, दोन आठवड्यांत पुढील तपासणी. आम्ही सहा आणि सातवे मामा. डॉक्टरची सही झाली की यादी पक्की, तोवर आत सोडायचं नाही. आम्ही कंत्राटी. अयोग्य ठरलेल्या कंत्राटी माणसाला परत कोण बोलावतो?

बाकीचे पाच जण गेटबाहेर बसून हसत होते.

"सात जणांस्नी एकदम? यंत्रालाच झळ लागली म्हणायची."

"आरं, पट्टं तर मामाकडं हुतं की."

"मग मामालाच लागलंय म्हण!"

यावर सगळ्यात मोठ्यानं मामाच हसले. "माझं काळीज? ते पेठेतलं हाय लेको. तुमच्यागत भाड्याचं न्हाय." आणि मामा गेटातून सरळ आत गेले. त्यांना कुणी अडवलं नाही. कारण कागदावर होतं, भट्टीच्या कामास अयोग्य, आणि मामा काही भट्टीवर नव्हते. धडधाकट सहा बाहेर आणि आजारी माणूस आत, कामावर. नियमाला धरून.

खरं काय ते आमच्यातला एक जण हसत हसत बोलून गेला होता, आणि ते कुणाच्याच कानात शिरलं नाही. माझ्या तर नाहीच. मी काय करत होतो सांगतो, लाज वाटते तरी सांगतो. मी माझ्या छातीवर हात ठेवून बसलो होतो. पट्टा चार महिने माझ्या हातात नव्हता हे मला ठाऊक होतं. तरी छापून आलं म्हटल्यावर मला वाटलं, त्या यंत्राला कुठून तरी कळलं असणार. छातीत धडधडायला लागलं, हाताला मुंग्या आल्या. गावाकडं मायला फोन लावला आणि तिनं उचलताच कापला.

ताई आल्या. ऑफिसच्या बाजूच्या लाकडी पार्टिशनमागं त्यांचं टेबल. पहिला नंबर माझा.

"मॅडम, मी मरणार का?" मी विचारलं.

त्यांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा पडद्याकडं. पडदा उपडा ठेवला आणि माझं मनगट धरलं. मनगटावर चटक्याचा जुना डाग होता, त्यावर त्यांचं बोट थांबलं. घड्याळाकडं बघत पूर्ण मिनिटभर बसल्या. दुसरं मनगट धरलं. छाती ऐकली, पाठ ऐकली. "गेटपर्यंत पळून या." पळून आलो. पुन्हा ऐकलं.

"एक ठोका इकडचा तिकडं नाही," त्या स्वतःशीच बोलल्या. मग बाकीच्या पाच जणांनाही आत बोलावून तपासलं. पाचही ठणठणीत.

मला तिथंच बसवून त्यांनी दवाखान्यातल्या वरिष्ठांना फोन लावला. फोन टेबलावर, आवाज सगळा ऐकू येत होता.

"सर, हात लावला की नाडी सरळ लागतेय. सहाही जणांची."

"आत्ता सरळ असेल. हा त्रास येतो आणि जातो, हे तुला शिकवलेलं नाही का? पट्टा दिवसभर बघतो, तू एक मिनिट बघतेस."

"तरी सर, सहाजणांत एकाचंही..."

"बेटा, तुझ्या कानानं आयुष्यभरात जेवढी काळजं ऐकायची, तेवढी त्यानं एका दुपारी ऐकलीत. सही कर. उद्या यातला एखादा चक्कर येऊन भट्टीत पडला, तर यंत्राला कोणी विचारणार नाही. तुला विचारतील."

फोन बंद झाला. ताई पेन हातात धरून बसल्या. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, हेही सांगून टाकतो. करा की सही नाहीतर फाडा, माझा जीव का टांगून ठेवलाय, असं वाटत होतं. आज कळतं, त्या माणसाचं बोलणं खोटं नव्हतं म्हणूनच ते इतकं वाईट होतं. खरंच एखादा पडला असता तर? ताईंना यंत्रावर विश्वास होता. तो त्यांनीच आमच्या मनगटावर बांधला होता.

मग त्यांनी सातही जणांचे छापलेले आलेख काढले. ते घेऊन खिडकीशी गेल्या, एकावर एक ठेवून काचेला लावले, शाळेत आम्ही नकाशा गिरवायला लावायचो तसे. मागून ऊन येत होतं. आलेखाच्या सगळ्या वाकड्यातिकड्या रेघा एकीवर एक बसल्या. सात कागद आणि रेघ एकच.

त्या माझ्याकडं वळल्या. "सातजण एकदम चहाला उठतील. सातजणांचा ठोका एकाच क्षणी चुकत नाही. हे सातही कागद एकाच माणसाचे आहेत. यादीतला तपासायचा राहिलेला सातवा, की यादीबाहेरचा कुणी? कोण आहे तो?"

मी बाही ओढून मनगट झाकलं.

"मनगटावर चटका आहे तुमच्या. पट्टा तुम्ही घालतच नव्हता. कोण घालत होतं?"

"मॅडम, आमचं काम जाईल. त्यांचंही जाईल. त्यांना रिटायर व्हायला एकच वर्ष राहिलंय."

आतापर्यंत ताई पुस्तकातलं बोलायच्या. त्या क्षणी त्यांचं गाव बाहेर आलं. "काम जाऊ दे खड्ड्यात! मानूस जाईल की, मानूस! काळजात रक्त साकळलं तर दोन आठवडं थांबतंय व्हय ते? सांगा! तुमच्यातलं कोण दमतंय? कुणाचा पाय सुजलाय?"

पाय म्हटलं आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. मामांची वहाण. तिची करकर कितीतरी दिवस ऐकू आली नव्हती. मामा रबरी स्लीपर घालून यायला लागले होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले होते, "पायात जाईना झाल्यात, आटल्या वाटतं पावसात." आणि मागच्या रविवारी मॅचला पेठेच्या संघानं गोल मारला, आख्खं स्टेडियम उठलं, मामा उठले नाहीत. बसूनच टाळी वाजवली. मला फुटबॉल कळत नाही, पण गोल झाल्यावर मामांनी बसून राहायचं नसतं एवढं कळतं. दोन्ही गोष्टी मी डोळ्यांनी बघितल्या होत्या, आणि एकीचाही अर्थ मला लागला नव्हता.

"पॅटर्नचे मामा," मी म्हणालो.

आम्ही पळालो. मामा स्टुलावर बसलेले, हातात पॉलिशपेपर. रात्री खोलीतच राहणारे आमचे पट्टेही सवयीनं सकाळी चढवलेले. ताईंनी त्यांच्या बाह्या वर सारल्या. सात हिरवे दिवे लुकलुकत होते. ताई पायाशी बसल्या, नडगीवर बोट दाबलं. खड्डा पडला. तो भरून येईना. मग नाडी धरली, आणि त्यांचा चेहरा बघून मला कळलं.

"मामा, रात्री आडवं पडून झोप लागते?"

"उशा लागत्यात तीन. वय झालं की बाळ."

"उठा. दवाखान्यात जायचंय. आत्ता."

"अगं पोरी, हे पॅटर्न दुपारी द्यायचंय..."

कारखान्याची गाडी दारात उभी होती. सुपरवायझरनं किल्ली दिली नाही. हे वाक्यही माझ्या लक्षात आहे. "सिस्टीमनं दोन आठवडं दिल्यात मॅडम. तातडीचं असतं तर सिस्टीमनं सांगितलं नसतं का? मी गाडी कशी सोडू?"

म्हणून आम्ही ताईंच्या स्कूटरवरून गेलो. पुढं ताई, मध्ये मामा, मागं मी मामांना धरून. मामांची पाठ माझ्या छातीला टेकलेली, आणि त्यांचं काळीज मला शर्टातून लागत होतं. दोन धावते ठोके, मग काहीच नाही, मग तीन एकदम. चार महिने माझ्या नंबरावर ज्याची नोंद होत होती ते काळीज. मामा तेवढ्यातही बोलत होते. "पेठेतल्या कुणी बघितलं तर म्हणतील, मामाला पळवून न्हेलं."

ताई त्यांना स्वतःच्या दवाखान्यात घेऊन गेल्या नाहीत. म्हणाल्या, तिथं दारातच आधी यंत्राला विचारतील. सरकारी दवाखान्यात त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर होते, त्यांनी लगेच तपासलं. मामांच्या काळजात रक्ताची गाठ धरायला लागली होती. ती सुटून डोक्यात गेली असती तर मामा गेले असते, नाहीतर अर्धं अंग घेऊन उरले असते. दोन आठवडे म्हणे!

मामा वाचले. आता माझा राग कशाचा, ते.

यंत्रानं आजार बरोबर पकडला होता, हे मी नाकारत नाही. पण सात माणसांची काळजं एकाच ठोक्याला अडखळत होती आणि त्या शहाण्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. कारण तो एकेक नंबर वेगळा बघतो. माणसं एकमेकांच्या शेजारी उभी असतात हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. ते यंत्राचं झालं, त्याला अक्कल नाही म्हणून सोडून देऊ. त्या वरिष्ठांना होती ना? मामा वाचल्यावर त्यांनी काय केलं? ताईंना पत्र दिलं. यंत्रणेचा निर्णय डावलला, सही नाकारली, परवानगीशिवाय रुग्ण हलवला. आणि आमच्याबद्दल लिहिलं, कामगारांनी यंत्रणेची फसवणूक केली. फसवणूक! पोळलेलं मनगट दाखवायला गेलो तेव्हा म्हशीच्या शेपटीला बांधा म्हणणारा आजही त्याच खुर्चीत आहे. कारखान्यात आता नवे पट्टे आलेत, कडीला कुलूप असलेले. किल्ली त्याच्याकडं. गुरांच्या कानाला बिल्ला मारतात त्यात निदान कान पोळत नाही.

आम्हा सहा जणांना काढलं. ताईंनी जायच्या आधी प्रत्येकाला एकेक कागद हातानं लिहून दिला. "मी या माणसाला स्वतः हात लावून तपासले आहे. हृदय निरोगी आहे." खाली सही, शिक्का. यंत्रातली आमची नोंद पुसावी म्हणून त्यांनी अर्ज केला होता, तर उत्तर आलं की झालेली नोंद मागं घेता येत नाही. मी दोन मोठ्या कारखान्यांत गेलो, दोन्हीकडं तेच यंत्र, नंबर टाकल्यावर लाल. शेवटी जयसिंगपूरला एका लहान वर्कशॉपच्या मालकानं तो कागद वाचला. म्हणाला, "हातानं लिवलंय म्हंजे कुणीतरी बघितलं असंल तुला. ये उद्यापासनं."

ताईंना दवाखान्यानं काढून टाकलं, वर चौकशी लावली. ती अजून चालू आहे. त्या चौकशीत एकाच गोष्टीनं त्यांची बाजू उभी राहते. पट्टे का काढले, कुणाच्या तोंडी हुकमानं ते मामांच्या हातात गेले, हे आम्ही कामगारांनी लिहून द्यायचं. मामांनी दिलं. पण मामांचा जीव ताईंनीच वाचवलेला, ते त्यांच्याच बाजूनं बोलणार, असं म्हणून ते बाजूला ठेवलं. राहिलो आम्ही सहा. सहांपैकी एकानंही दिलं नाही. मीही नाही. जुन्या कारखान्याच्या कंत्राटदाराचा निरोप आला होता, "पावणं, जयसिंगपूर काय लांब न्हाय." एवढंच. माझ्या हातातलं पेन खाली गेलं.

मागच्या महिन्यात मी ताईंना भेटायला गेलो. त्या आता नेसरीकडं एका लहान दवाखान्यात बसतात. बाहेर बाकावर शेतावरून आलेल्या बायका. आत टेबलावर तसलाच एक काळा पट्टा ठेवलेला बघून माझी कानशिलं तापली.

"हे अजून ठेवलंत तुम्ही?"

"का? त्यानं मामांचं काळीज चार महिने लिहून ठेवलं होतं. मीच वाचायला गेले नाही." समोरच्या म्हातारीचं मनगट त्यांनी हातात धरलेलं, घड्याळाकडं बघत होत्या. मिनिट झाल्यावर मग तिला पट्टा बांधला. "त्याच्यावर रागावून काय करू? मी चार महिने तुमच्यापैकी एकाच्याही हाताला हात लावला नव्हता. हात लावला असता तर पहिल्याच सोमवारी सात पट्टे हाताला लागले असते."

त्यांना राग नाही. म्हणून तो सगळा माझ्या वाट्याला आलाय.

मी निघेपर्यंत वाट बघत होतो की त्या विचारतील, लिहून का दिलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, काहीतरी कारण सांगितलं असतं. त्यांनी चहा दिला, मायची तब्येत विचारली, गडहिंग्लजची गाडी किती वाजता आहे ते बाहेर येऊन दाखवलं. आणि नाडी बघितली, जाता जाता, उभ्या उभ्या. "उत्तम," म्हणाल्या.

मामा बरे आहेत. वहाण पुन्हा पायात जाते. मॅचला जातो आम्ही, गोल झाला की डॉक्टरनं उठू नका सांगितलंय म्हणून मला धरून अर्धे उठतात. मागच्या वेळी त्यांनी मॅच चालू असताना, मैदानाकडंच बघत मला म्हटलं, "मी माझं दिलंय लिवून. एकट्याचं कोण ऐकतंय? सात हुतो न्हवं आपण."

ताई, हे सगळं मी नाव न घालता लिहिलंय. तुमचं नाव तुम्ही बजावलंत म्हणून नाही घातलं. माझं मात्र मी भ्यालो म्हणून नाही घातलं. चार ओळी लिहून ठेवल्यात, म्हशीच्या शेपटीचं वाक्य त्यात आहे, चटक्याचं आहे, गाडीच्या किल्लीचं आहे. सहीची जागा अजून कोरी आहे. तुम्ही मला हातानं लिहून कागद दिला होता, त्यावर मी आज जेवतोय. तुमच्यासाठी तसाच कागद मी देणार आहे, माझ्या आठवीच्या अक्षरात, माझं पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा घालून. आणि तो पोस्टानं पाठवणार नाही. त्या वरिष्ठांच्या टेबलावर मी स्वतः नेऊन ठेवीन, आणि ते वाचेपर्यंत तिथं उभा राहीन.